‘ण’ बाणाचा, मग ॲडमिन कोणाचा?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यात रोवना जोरात सुरू होता. कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी एका मुलीचा मेसेज आला. ‘फारमाची शेवटची तारीक कोनती हाय? मले कोनी सांगतलं नाई.’ फॉर्म स्वाधार योजनेचा होता. ज्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना राहण्या-जेवणाचा खर्च देणारी ही योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. मुलीचा प्रश्न साधा होता, तारीख सांगितली की संपला असता. पण पहिलं उत्तर आलं ते असं : ‘ताई, ण बाणाचा, न नळाचा!’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणीतरी ‘तारीक पे तारीक’ असं लिहिलं. पुन्हा हसू. सतरा-अठरा जण हसून मोकळे झाले, तारीख मात्र कुणीच सांगितली नाही.

त्या सतरा-अठरा जणांत मी होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेला, सभा-संमेलनांत ‘भाषिक वर्चस्व’ या विषयावर बोलणारा, स्वतःला चळवळीचा कार्यकर्ता म्हणवणारा मी. मीही एक हसरा चेहरा टाकला आणि फोन खिशात ठेवला. तीन आठवड्यांनी कळलं की त्या मुलीचा फॉर्म भरायचा राहून गेला. त्या दिवसानंतर तिने ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही.

हा लेख मी माफी मागण्यासाठी लिहीत नाही. माफी तिच्या घरी जाऊन मागितली. तिच्या आईने चहा दिला, ती मात्र आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. हा लेख वाद घालण्यासाठी आहे. माझा वाद त्या लोकांशी आहे जे म्हणतात, ‘अरे, व्हॉट्सॲपवरच्या पोट्ट्यांच्या गप्पा त्या, त्याचं काय एवढं मनावर घेता?’

मित्रहो, मनावर घ्यावं लागतं, कारण आमच्या जिल्ह्यात आज सगळा व्यवहार याच गप्पांतून चालतो. शिष्यवृत्तीची तारीख, महाडीबीटीवर कुठलं कागदपत्र अपलोड होत नाही, जात पडताळणीच्या कार्यालयात आज साहेब आहेत की नाहीत, पोलीस भरतीचं मैदान कधी आहे, हैदराबादला कुठल्या कंपनीत माणसं घेत आहेत, धान खरेदी केंद्र उघडलं का, हे सारं ग्रुपवरच कळतं. नोटीस बोर्ड वाचायला कुणी कॉलेजात जात नाही आणि ग्रामपंचायतीची दवंडी आता वाजत नाही. पूर्वी गावाची चावडी होती. चावडीवर काय ठरलं हे आपल्या आज्यांना बाहेर उभं राहून ऐकावं लागायचं. आज आपली पोरं ग्रुपच्या आत आहेत, हे खरं. पण आत बसून ती काय करतात? निळ्या टिका उमटवतात. वाचतात आणि गप्प राहतात. मी मुद्दाम माझ्या ओळखीचे चार-पाच ग्रुप उघडून पाहिले. शंभर-दोनशे सदस्यांच्या ग्रुपवर बोलणारी पंधरा-वीस नावं सोडली तर बाकी शुकशुकाट. ती पंधरा-वीस नावं कोणाची आणि गप्प बसलेली कोणाची, हे तुम्ही आपापले ग्रुप उघडून स्वतःच पाहा. आडनावं वाचता येतातच आपल्याला.

आता त्या ‘ण’कडे वळू. भंडारा, गोंदिया आणि शेजारच्या झाडीपट्टीत जी बोली चालते तिला झाडीबोली म्हणतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीसाठी आयुष्य दिलं, शब्द गोळा केले, संमेलनं भरवली. या बोलीत ‘ण’ हा ध्वनीच नाही. ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘श’चा ‘स’ होतो. म्हणजे त्या मुलीने चूक केलीच नव्हती. तिने जसं घरी बोलतात तसं लिहिलं. तिच्या भाषेत तो शब्द ‘कोनी’ असाच आहे. जी गोष्ट बोलीत नाहीच, ती लिहिताना आली नाही म्हणून हसणारे आपण कोण? आणि हसणाऱ्यांच्या घरी तरी कोण ‘पाणी’ म्हणतं? आजीला तहान लागली की तीही ‘पानी’च मागते. गोंदियाच्या बाजारात, तिरोड्याच्या बसस्टँडवर, देवरीच्या आठवडी बाजारात दहा मिनिटं उभे राहा आणि ‘ण’ किती वेळा ऐकू येतो ते मोजा. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी अशी सरमिसळ असलेला हा जिल्हा. पुण्यातल्या क्लासची नोट्स वाचून आलेला एक जण ‘बाणाचा ण’ शिकवतो आणि आपण सगळे त्याच्या मागे हसतो.

बौद्ध म्हणवणाऱ्यांनी तर इथे जरा थांबावं. सम्राट अशोकाचे धौली आणि जौगडचे शिलालेख पाहा. पूर्वेकडच्या त्या प्राकृतात ‘ण’ नाही, त्याच्या जागी ‘न’ आहे. ‘राजा’ हा शब्दसुद्धा तिथे ‘लाजा’ असा कोरलेला आहे. साऱ्या जंबुद्वीपावर राज्य करणाऱ्या सम्राटाला दगडावर ‘न’ कोरवताना लाज वाटली नाही. त्याच्या ग्रुपवर कुणी ‘ण बाणाचा’ म्हणायला नव्हतं, एवढंच. विनयपिटकाच्या चुल्लवग्गातली कथा तर आपण धम्मवर्गात सांगतोच. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भाऊ भिक्खू तथागतांकडे तक्रार घेऊन गेले की वेगवेगळ्या कुळांतले, वेगवेगळ्या जातींचे लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन म्हणून ते बिघडवतात, आम्ही ते छंदात बांधू का? तथागतांनी त्यांना फटकारलं आणि आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. या ‘आपापल्या’चा अर्थ काय, यावर भाष्यकारांत वाद आहे, तो मला माहीत आहे. पण छंदात बांधायला नकार दिला, यावर वाद नाही. त्या दोन भावांची तक्रार आणि आपल्या ग्रुपवरचं ‘ताई, ण बाणाचा’ यांत मला तरी फरक दिसत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पालीला आणि प्राकृतलाही दिला. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी अभिनंदनाचा पूर आला होता. ज्यांनी त्या मुलीला हसून गप्प केलं तेच लोक पालीच्या अभिमानाचे बॅनर टाकत होते. पालीचा अभिमान आणि ‘कोनी’ची लाज, दोन्ही एकाच फोनमध्ये!

मला माहीत आहे, इथे काही जण म्हणतील, ‘दादा, झाडीबोली तर सगळ्याच जाती बोलतात. कुणबी, पोवार, कोहळी, गोंड सगळेच. मग यात जात कशाला आणता?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देतो. पोवाराच्या मुलाने पोवारीत लिहिलं तर ते ‘आपली बोली जपणं’ होतं, त्यांच्या समाजाच्या ग्रुपवर त्याला शाबासकी मिळते. मिळावी, माझी त्याबद्दल तक्रार नाही. कुणब्याच्या मुलाने ‘न’ लिहिला तर तो ‘गावठी’ ठरतो, थोडं हसू होतं, विषय संपतो. आपल्या मुलीने तोच ‘न’ लिहिला की हसणारा एका पायरीने पुढे जातो. ‘सवलतीवर आलेले’ हा शब्द तिथे कुणी लिहीत नाही, पण स्वाधारच्या फॉर्मविषयी विचारणाऱ्या मुलीला व्याकरण शिकवलं जातं तेव्हा तो शब्द सगळ्यांना ऐकू येतो. तिलाही आला. चूक एकच, पण ती कोणाच्या नावाखाली दिसते यावर तिची किंमत ठरते. जात नाही तर हे काय आहे?

दुसरा आक्षेप आपल्याच अभ्यासू मंडळींचा. ‘एमपीएससीच्या पेपरात शुद्धलेखन तपासतात. आत्ता दुरुस्त केलं नाही तर पोरं तिथे मार खातील.’ बरोबर आहे. मी स्वतः अभ्यासिकेत मुलांना शुद्धलेखन शिकवतो, हातावर छडी न मारता शिकवतो. बाबासाहेबांनी इंग्रजी, मराठी, संस्कृत, पाली, जर्मन काय काय आत्मसात केलं, हे आपण मुलांना सांगतोच. प्रमाण मराठी यायलाच पाहिजे, तिच्यावाचून सरकारी कागद हलत नाही. पण दोनशे जणांसमोर हसणं म्हणजे शिकवणं आहे का? ज्याला शिकवायचं असतं तो आधी तारीख सांगतो, मग तिच्या वैयक्तिक नंबरवर हवं तर ‘तारीख’ कसं लिहायचं ते सांगतो. त्या दिवशी तारीख सांगणारा एकही निघाला नाही. तेव्हा परीक्षेच्या काळजीचं सोंग कृपा करून आणू नका.

मला जास्त राग येतो तो आपल्या साहित्यिक मित्रांचा. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातले कितीतरी शब्द कळले नव्हते आणि त्यांनी तसं मोकळेपणाने लिहिलं. आपण तो किस्सा रंगवून सांगतो. प्रस्थापितांच्या भाषेला कशी टाच मारली म्हणून छाती फुगवतो. मग आमच्या तालुक्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने ‘मले कोनी सांगतलं नाई’ लिहिलं की त्याच छातीतून हसू कसं फुटतं? कवीने लिहिलं की विद्रोह आणि मुलीने लिहिलं की अशुद्ध, असा नियम चळवळीने कधी मंजूर केला?

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात शोना नावाची भाषा बोलतात. तिच्या झेझुरू, करंगा, मन्यिका, कोरेकोरे, न्दाऊ अशा बोली होत्या. १९३१ साली क्लेमेंट डोक नावाच्या भाषातज्ज्ञाने इंग्रज सरकारसाठी अहवाल लिहिला आणि या बोलींची मोट बांधून एक लेखी शोना ठरवली. ती प्रामुख्याने करंगा आणि झेझुरूवर बेतली. न्दाऊ बोलणारे म्हणत राहिले की आमची भाषा वेगळी आहे. २०१३ च्या तिथल्या राज्यघटनेत शेवटी न्दाऊ हे नाव शोनापासून वेगळं छापलं गेलं. म्हणजे ब्याऐंशी वर्षं लागली. आज तिथली तरुण पोरंही फोनवर शोना-इंग्रजीची खिचडी लिहितात आणि जुनी माणसं भाषा बुडाली म्हणून ओरडतात. सांगायचं एवढंच की ‘शुद्ध’ काय हे आभाळातून पडत नाही. कुणीतरी एका खोलीत बसून, कुणाची तरी बोली उचलून ते ठरवतं. ज्यांची उचलली नाही त्यांनी आयुष्यभर चूक करत राहायचं.

आता ॲडमिनकडे. कारण हसणारे हसले, पण ॲडमिन काय करत होता? तो ऑनलाइन होता. त्यानेही काही लिहिलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाला, ‘भाऊ, मी कोनाकोनाले आवरू? माझ्यावर काही कायदेशीर जबाबदारी नाही, कोर्टानंच सांगितलं आहे.’

कोर्टाने खरंच सांगितलं आहे आणि ते प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. २०१६ साली अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हा दाखल झाला होता. ग्रुपमधल्या एका सदस्याने ग्रुपमधल्याच एका महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, असा आरोप होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. १ मार्च २०२१ ला न्यायालयाने ॲडमिनविरुद्धचा खटला रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की ॲडमिनकडे माणूस ग्रुपमध्ये घेण्याचा आणि काढण्याचा मर्यादित अधिकार असतो, कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. समान उद्देश किंवा आधीचं संगनमत असल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही.

कायदा म्हणून मला हा निकाल पटतो. उद्या पोलिसांना ॲडमिन पकडायची मुभा मिळाली तर पहिले आपलेच ॲडमिन आत जातील, हे सांगायला नको. पण न्यायालयाने ‘ॲडमिन तुरुंगात जाणार नाही’ एवढंच म्हटलं. ‘ॲडमिनने तोंड मिटून बसावं’ असं कुठेही म्हटलेलं नाही. काढण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, हे तर त्याच निकालात आहे. हा अधिकार वापरला जात नाही असंही नाही. याच ग्रुपवर १४ एप्रिलला एका मुलाने बाबासाहेबांचा फोटो आणि ‘जय भीम’ टाकला तेव्हा दोन मिनिटांत ‘हा ग्रुप शैक्षणिक आहे, धार्मिक पोस्ट टाकू नये’ अशी सूचना आली होती. रोज सकाळी देवादिकांचे फोटो येतात, तेव्हा ग्रुप शैक्षणिकच असतो बरं का. म्हणजे हात चालतो. कुणावर चालवायचा ते ठरलेलं आहे.

‘जय भीम’ हा धार्मिक शब्द आहे म्हणे! ज्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी हे अभिवादन रूढ केलं ते १९३७ साली प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेलेले कार्यकर्ते होते आणि १९३९ मध्ये ऐन तारुण्यात गेले. तेव्हा धर्मांतराला अजून सतरा वर्षं होती. दोन माणसं भेटल्यावर मान वर करून बोलता यावं म्हणून हा शब्द आला. ज्या भंडारा मतदारसंघात तेव्हा आपला गोंदियाही होता, तिथून बाबासाहेब १९५४ च्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि पडले. त्या मातीतल्या ग्रुपवर आज त्यांचं नाव घ्यायला परवानगी लागते.

आमच्या पोरांनी यावर आपापला मार्ग काढला आहे आणि तो पाहून मला कसंतरी होतं. व्हॉट्सॲप स्टेटसला एक सोय आहे : ठरावीक लोकांना सोडून बाकीच्यांना दाखवा. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, १ जानेवारीला आपली कितीतरी मुलं निळं स्टेटस ठेवताना त्यातून राइस मिलचा मालक, दुकानाचा शेठ, भाड्याच्या खोलीचा मालक आणि वर्गातल्या मैत्रिणी वगळतात. एका मुलाने मला ती यादी दाखवली. त्रेचाळीस नावं होती. म्हणाला, ‘सर, दरवर्षी वाढते.’ त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मला नाही. शिर्डीत २०१५ च्या मे महिन्यात फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून वाद झाला आणि नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणाचा जीव गेला. त्रेचाळीस नावं वगळणारा मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याला ते पाठ आहे.

शुद्ध मराठीच्या हसण्याने एक गप्प, ‘धार्मिक पोस्ट’च्या सूचनेने दुसरा गप्प, मालकाच्या धाकाने तिसरा गप्प. १९२० च्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी आपल्या पहिल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ नाव दिलं तेव्हा मुक्यांना वृत्तपत्र नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे.

आणि आपले स्वतःचे ग्रुप? तिथे तरी पोरं बोलतात का? नाही बोलत, आणि याला आपण जबाबदार आहोत. पहाटे पाचपासून ‘नमो बुद्धाय, सुप्रभात’चे चाळीस फोटो. मग बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली, त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्यं. मग दोन गटांच्या नेत्यांची भांडणं. मध्येच कुणी मुलाने क्रिकेटचं काही टाकलं किंवा मुलीने आपल्या बचत गटाच्या पापडाचा फोटो टाकला की ज्येष्ठ लिहिणार : ‘हा ग्रुप चळवळीचा आहे. फालतू पोस्ट टाकू नये.’ अहो, त्यांचं आयुष्य फालतू आहे का? जो मुलगा आज मॅचवर बोलायला कचरतो, तो उद्या मालकाने मजुरी बुडवली हे ग्रुपवर लिहील ही अपेक्षा कशी करता? बोलायची सवय साध्या बोलण्यानेच लागते. वरच्या ॲडमिनचं ‘शैक्षणिक’ आणि आपल्या ज्येष्ठांचं ‘चळवळीचं’, दोन्हींचा मुलांवर परिणाम एकच होतो.

एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. लिहायची लाज वाटते ती मुलं आता व्हॉइस मेसेज पाठवतात. तिथे ‘ण’ कुणी तपासत नाही. मागच्या हंगामात एका मुलाने बांधीत उभं राहून एक मिनिटाचा आवाज टाकला, मागे पावसाचा आणि रोवना करणाऱ्या बायांच्या गाण्याचा आवाज. त्याने सेतू केंद्रात दाखल्याला जास्तीचे पैसे कसे मागितले ते सांगितलं, थेट झाडीबोलीत, एकही शब्द न अडखळता. त्याखाली आणखी चौघांनी आपापले आवाज टाकले. तासाभरात पाच तक्रारी जमल्या. मी त्या कागदावर उतरवल्या, प्रमाण मराठीत, ‘ण’ लावून, आणि तहसील कार्यालयात दिल्या. माझ्या शुद्धलेखनाचा उपयोग झाला तो इथे.

त्यानंतर आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. कुणी माहिती विचारली तर पहिलं उत्तर माहितीचंच येईल, भाषेवर बोलायचं असेल तर खासगीत बोला. दुसरं, ॲडमिन तीन असतील आणि त्यात एक मुलगी असेलच. यावर दोन ज्येष्ठ ग्रुप सोडून गेले. एकाने जाता जाता लिहिलं की चळवळ आता पोट्ट्यांच्या हाती गेली. त्याखाली एका पोट्ट्याने लिहिलं, ‘होय ना काका, जय भीम.’

त्या मुलीला मी तिसरी ॲडमिन हो म्हणून निरोप पाठवला होता. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या टिका दिसतात. यंदा स्वाधारचं वेळापत्रक आलं की मी ते ग्रुपवर टाकेन आणि तिला फोनही करेन.